ओटी कोणाची भरायची

पंचफुलाबाईचा एक नियम होता, आणि तिच्या घरात तो सरकारच्या कायद्याहून वरचढ होता. ज्या लेकराच्या पोटात दुसऱ्या बाईचं दूध गेलं, त्याचं बारसं करायच्या आधी त्या बाईची ओटी भरायची. साडी, खण, नारळ, वर ओंजळभर गहू. त्याआधी पाळण्याला दोरी लावायची नाही आणि नाव तोंडातून काढायचं नाही. या नियमाला पुरावा मागायची सोय नव्हती, कारण पुरावा घरातच हिंडत-फिरत होता. तिचा सुशील जन्मला तेव्हा पंचफुलाबाई तापानं फणफणत पडली होती. शेजारच्या प्रयागबाईनं एका मांडीवर आपली लेक आणि दुसऱ्या मांडीवर सुशील घेऊन दोघांना पाजलं. तेव्हापासून दर दिवाळीला प्रयागबाईकडं लुगडं जायचं, सुशील तिच्या पाया पडायचा, आणि तिची लेक सासरी गेली तरी त्याला तिची राखी पोस्टानं यायची.

असा हा सरळ नियम सुनेच्या, सुशीलच्या बायकोच्या, कामिनीच्या बाळंतपणात वाकडा झाला.

झालं असं, की कापसाच्या पहिल्या वेचणीचा दिवस होता. सासऱ्यांनी, चंपतरावांनी, तासाच्या, म्हणजे कापसाच्या ओळीच्या, टोकाला सीतादहीची पूजा मांडली, पऱ्हाटीच्या झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवून हात जोडले, आणि बाया कमरेला फडकी बांधून तासाला लागल्या. कामिनीला कोणी शेतात बोलावलं नव्हतं. सातवा सरून आठवा लागलेला. पण घरी एकटी बसून काय करू म्हणून ती आली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाण्याची घागर घेऊन बसली. कोणीतरी पाणी मागितलं म्हणून उठली, तर पायांवरून ऊन पाणी उतरलं. तिला आधी वाटलं घागरच कलंडली. पंचफुलाबाईनं पाहिलं मात्र, वेचलेला कापूस तासातच सांडून ती धावत सुटली. सावनेरच्या दवाखान्यात बाळ झालं. झालं म्हणजे काय, निसटलंच. तिथल्या डॉक्टरांनी बाळाकडं एक नजर टाकली आणि नागपूरला न्यायला गाडी मागवली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. सुशीलच्या दोन तळहातांत मावेल एवढंच ते पोर. नाकात नळी, तोंडात नळी, पायाला लाल दिवा. छातीचा पिंजरा वरखाली व्हायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की यंत्र ओरडायचं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारायची, की पुन्हा सुरू. त्या टिचकीपर्यंत कामिनी काचेपाशी स्वतःचा श्वास धरून उभी राहायची. टाके ओढायचे, पाय सुजायचे, पण तिथून हलायचं नाही असं तिला वाटायचं. आपण हललो तर टिचकी मारायला कोणी येणार नाही, असं काहीतरी वेडंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

आयांसाठी बाजूला एक खोली होती. कोणी वर्ध्याकडची, कोणी पांढुर्ण्याची, कोणी नागपुरातल्याच गल्लीतली. सगळ्यांची पोरं आत पेटीत. ठरलेल्या वेळी साऱ्या जणी ओळीनं बसायच्या, हातात स्टीलची वाटी घ्यायच्या आणि छाती दाबून दूध काढायच्या. पहिल्या दिवशी कामिनीला लाजेनं मान वर करवेना. दुसऱ्या दिवसापासून लाज गेली आणि भीती आली. सगळ्यांच्या वाट्यांत काही ना काही पडायचं. तिची वाटी कोरडी. दाबून दाबून कातडी लाल झाली, बोटं आखडली, पण एक थेंब नाही.

"ताई, येईल दूध. शरीराला आठव्यातच कामाला लावलं, ते वेळ घेणारच," नंदिनी सिस्टर म्हणाली. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, मधून फक्त डोळे. "तोवर बाळाला दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध देऊ. आम्ही ते तपासून साठवून ठेवतो. चालेल ना?"

कामिनी हो म्हणाली. त्या वेळी कोणी वाघिणीचं दूध म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

मग तिनं ते काचेतून पाहिलं. बारीक नळीतून पांढरी रेघ हळूहळू खाली सरकत गेली आणि तिच्या पोराच्या तोंडात नाहीशी झाली. पोराच्या पोटात काही गेलं म्हणून तिला इतकं बरं वाटलं की भिंतीला टेकावं लागलं. आणि त्याच घडीला छातीत आग झाली, की हे माझं नाही. आनंद आणि आग एकदमच. कोणतं खरं, तिला कळेना.

सुशील खाली फुटपाथवर इतर नातेवाइकांसोबत बसायचा. घरच्या विहिरीवर संत्र्याची चार झाडं होती, त्यांचं पोतंभर तोडून त्यानं एक दिवस आणलं, डॉक्टरांना आणि सिस्टर लोकांना द्यायला. दारावरच्या गार्डनं अडवलं.

"आत काही न्यायचं नाही, भाऊ."

"अरे, खायले नाई आनलं, द्याले आनलं."

"कोनाले?"

"ज्यायनं मायं पोरगं पाह्यलं त्यायले."

"इथं तं शंभर जन पाहते," गार्ड म्हणाला. सुशीलनं डोकं खाजवलं, आणि फुटपाथवरच्या साऱ्यांना संत्री वाटून टाकली. गार्डनं दोन खाल्ली.

कामिनीच्या बाजूच्या खाटेवर दामिनी होती. हिंगण्याची. नवरा तिथल्याच कारखान्यात शिफ्टवर. मुलगी झालेली, तीही अवेळीच, तीही पेटीत. पण दामिनीला दूध असं, की तिची वाटी बोलता बोलता भरायची. तिच्या पोरीला पाजून उरायचं ते सिस्टर झाकून फ्रिजकडं घेऊन जायची. कामिनी त्या वाटीकडं बघत राहायची. तिनं मनातल्या मनात सरळ हिशेब मांडला, की तिचं उरतं, माझ्याला पुरत नाही, म्हणजे ते माझ्याच पोराला जातं. तिनं कोणाला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून दामिनीनं चहा दिला तरी ती तो दोन्ही हातांनी घ्यायची.

एक दिवस दामिनी तिची कोरडी वाटी बघून खाट सोडून आली.

"अशी काहून पिळून राहिली वं? कपडे धुवून राहिली का? थांब."

तिनं टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळला आणि कामिनीच्या छातीवर ठेवला. मग सिस्टरकडून कामिनीच्या बाळाची टोपी मागून आणली, दोन दिवस त्यानं घातलेली, लिंबाएवढ्या डोक्याची. ती तिच्या नाकाशी धरली.

"डोळे मीट अन् वास घे. वाटीकडे पाहूच नको. वाटी मेली कुठं पळून नाही जात."

टोपीला औषधाचा वास होता आणि त्याच्या खाली कुठंतरी ओल्या मातीसारखा, पोराचा. दामिनी मागून तिच्या पाठीवर हात फिरवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम दामिनी ओरडली, "आलं वं, आलं!" वाटीच्या बुडाशी पिवळट थेंब होते. खोलीतल्या साऱ्या बाया बघायला आल्या. नंदिनी सिस्टरनं ते थेंब असे नेले, जसं कोणी तीर्थ नेतं. कामिनी रडत होती, आणि तिच्याहून जास्त दामिनी.

पुढं कामिनीचं दूध वाढत गेलं. पोराच्या नाकातली नळी निघाली. सिस्टरनं त्याला तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापड बांधलं, आणि पोरानं पहिल्यांदा तिच्या अंगावर अंग सैल सोडलं.

त्याच आठवड्यात दामिनीची पोरगी गेली. दुपारची वेळ होती, बाया जेवत होत्या. डॉक्टर धावले, सिस्टर धावल्या, खूप वेळ धावत राहिल्या, आणि मग एकेक करून चालत बाहेर आल्या. नवरा आला, पोरीला कापडात गुंडाळून घेऊन गेला. दामिनीचे टाके अजून भरले नव्हते म्हणून तिला ठेवून घेतलं. संध्याकाळी दूध काढायची वेळ झाली तशी तिची छाती आपोआप भरली. छातीला कोण सांगणार? ब्लाऊज पुढून ओला झाला. खोलीत कोणी कोणाकडं बघेना.

"दामिनीताई, दूध आटायची गोळी देते," नंदिनी सिस्टर तिच्याजवळ बसून म्हणाली.

"नको. राहू द्या." दामिनीनं हात पुढं करून वाटी मागितली. "येऊन राहिलं तं कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

ती घरी जाईपर्यंत रोज दूध काढत होती. जायच्या दिवशी ती काचेपाशी गेली आणि कामिनीच्या पोराकडं बघत उभी राहिली. मग कामिनीचा फोन घेऊन त्यात आपला नंबर टाकला आणि गेली. कामिनीला तिला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं असतं अशा वेळी? 'तुझं दूध पिऊन माझं वाचलं' असं तोंड वर करून म्हणायचं?

पोर घरी आलं तेव्हा कापूस ऐन फुटला होता. दोन वेचण्या झाल्या होत्या, तिसरी रानात पांढरीशुभ्र उभी, आणि आभाळ रोज दुपारून काळं व्हायचं. फुटलेलं बोंड एकदा भिजलं की कापसाची माती. वेचणाऱ्या बाया चढाओढीनं पळवल्या जात होत्या. चंपतराव पहाटेच उठून दारोदार फिरायचे आणि जेवायला बसले तरी मान वर, आभाळाकडं. त्यांच्या ताटातली भाकर कोणी पळवली असती तरी त्यांना कळलं नसतं.

अशात पंचफुलाबाईनं शेवटी विचारलं. कामिनी पोराला पाजत होती.

"कामिनी, त्या दवाखान्यात याले पहिलं दूध कोनाचं पाजलं वं?"

"दामिनी म्हणून होती बाजूच्या खाटेवर. तिचंच असन."

"कोनाची हाय?"

"हिंगण्याची."

"गाव नाई इचारून राहिली मी."

कामिनीनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मी नाई इचारलं, आई," ती म्हणाली. हे खरं होतं. विचारलं नव्हतं, पण दामिनीच्या गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट तिनं पाहिलं होतं.

"लेकरू जितं हाय ना?" चंपतराव खाटेवरून म्हणाले. "मंग कोनाची का असेना."

"तुमी ढग पाहा," पंचफुलाबाई म्हणाली. थोडा वेळ ती तुरीच्या शेंगा सोलत बसली. तिच्या मनात काय चाललं ते तिच्या अंगठ्यावरून कळत होतं, शेंगा फोडायच्या ऐवजी चिरडल्या जात होत्या. मग ती उठली. "कोनाची का असेना, नेम तो नेम. याच्या तपासणीले नागपूरले जाऊ तवा साडी घेऊ. तिची ओटी भरू, मंगच बारसं. अन् उद्या याच्या लग्नाच्या वक्ती घर पाहाले पाह्यजे का नाई? दूधबहीन कोन हे मालूम नसन तं कसं होईन?"

पोराचं वजन अजून पायलीभर धान्याएवढंही नव्हतं, आणि आजी त्याच्या लग्नाचं घर तपासत होती. कामिनीला हसू आलं. पण तिलाही हेच हवं होतं. रोज दूध पाजताना तिला वाटायचं, आपण दुसऱ्याची वस्तू वापरतो आहोत आणि आभारसुद्धा मानलेले नाहीत. एकदा त्या बाईच्या ओटीत साडी टाकली, की पोर पूर्ण आपलं होईल. मग नाव ठेवता येईल.

तपासणीच्या दिवशी नेमक्या वेचायला बाया मिळाल्या आणि आभाळही भरून आलं. सुशीलनं दोघींना मोटारसायकलवरून सावनेरच्या स्टँडवर सोडलं आणि तसाच रानात परत पळाला. नागपुरात उतरून त्या आधी गांधीबागेच्या कापडबाजारात गेल्या. पंचफुलाबाईनं साड्यांची थप्पी अशी उपसली की दुकानदार घामाघूम झाला. शेवटी मोरपंखी काठाची एक पसंत पडली.

"कोनासाठी पाहिजे, आजी?" दुकानदारानं विचारलं.

"दूधमायसाठी," ती म्हणाली, आणि घडी मोडून दोन्ही पदर तपासले.

दवाखान्यात आत एकट्या आईलाच सोडत होते, म्हणून पंचफुलाबाई बाहेर कडुनिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत एक बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची बाई पुढं आली आणि पोराला कामिनीच्या हातून घेऊ लागली. कामिनीनं पोर घट्ट धरलं.

"अहो ताई, मी नंदिनी!"

कामिनीनं आवाजावरून ओळखलं. इतके दिवस जिनं पोराच्या तळपायाला टिचक्या मारून त्याला जगवलं, तिचं तोंड ती आज पहिल्यांदा बघत होती. वरच्या ओठावर तीळ होता. कामिनी वाकली आणि तिच्या पायांशी हात नेला, तर सिस्टरनं मागं सरून तिला दंडाला धरलं.

"हे नका करू. वजन बघा किती छान वाढलंय! तुम्हीच केलंय हे."

"मी कुठं केलं, सिस्टर? तुमी केलं. अन् दामिनीनं केलं. तिचं दूध नसतं तं..."

"दामिनीताईंचं?" सिस्टरनं पोराला काट्यावरून उचललं. "नाही हो. त्यांचं नव्हतं ते."

कामिनीनं पोराला घ्यायला हात पुढं केले.

"दिलेलं दूध लगेच नाही देत आम्ही. चार-पाच जणींचं एकत्र करायचं, गरम करायचं, गोठवायचं, तपासणी चांगली आली की मगच बाळाला. तुमच्या बाळाला दिलं ते आधीच्या आयांचं होतं. त्या केव्हाच घरी गेल्या. दामिनीताईंचं फ्रिजमधून निघेपर्यंत तुमचं बाळ तुमचंच प्यायला लागलं होतं."

"मंग कोनाचं होतं?"

"ते आम्हालाही नाही सांगता येणार, ताई. सगळं एकत्र झालेलं."

"अन् दामिनीचं? ते कोनाले गेलं?"

"गेलं असेल कोणत्यातरी बाळाला." सिस्टरनं पोराचं नाक पुसलं. "तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? बाळ बघा की."

कामिनी पोराला घेऊन बाहेर आली. इतके दिवस तिनं एका बाईला मनात धरून ठेवलं होतं, तिच्याशी मनातल्या मनात बोलत होती, आणि आता तिथं कोणीच नव्हतं. किंवा खूप जणी होत्या, बिनचेहऱ्याच्या. एकीला मनात मानायचं ते सोपं असतं. हे कसं मानायचं? समोरून जाणाऱ्या प्रत्येक बाईकडं ती बघू लागली. ही असेल? ती रस्ता झाडणारी? ती बुरख्यातली?

कडुनिंबाखाली तिनं सासूला सगळं सांगितलं. पंचफुलाबाईनं तोंडावर पदर धरून ऐकलं.

"चार-पाच जनींचं? एकात एक?"

"हो."

"मंग आता हे साडी काय फाडून वाटू?" तिनं पिशवी गच्च धरली. मग ती म्हणाली, "चाल, जाता जाता कोराडीच्या देवीले नेसवू. साऱ्यायची माय तेच. मोकळे होऊ."

तोड चांगली होती. कोराडी सावनेरच्या रस्त्यावरच. कामिनीला हो म्हणता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं, "मले हिंगण्याले जायचं हाय. मी दामिनीले फोन केला होता, येतो म्हणून."

"आता कायले? तिचं दूध नोतं ना?"

"नोतं. पण मायं दूध तिनं आनलं, आई."

"दूध कोनी आनत नसते. देव देते."

"देव नोता आला तवा. ते आली होती."

सुनेनं असं तोंडाला तोंड आजवर दिलं नव्हतं. पंचफुलाबाई जरा चमकली, आणि मग तिनं खरी गोष्ट काढली. "अवं, तिचं लेकरू गेलं. अन् तू आपलं जितं लेकरू घेऊन तिच्या दारात उभी राहाशीन? तिच्या काळजाचं काय होईन?"

हेच कामिनीलाही चार दिवस खात होतं. जाणं चांगलं की न जाणं चांगलं, ती ठरवू शकली नव्हती. "फोनवर दामिनीच म्हने," ती हळू बोलली, "बाळाले आनजो म्हने. दोनदा म्हने."

पंचफुलाबाई पिशवी उचलून उठली. "चाल. पन त्या दुधाचं काई बोलू नोको. न बोलता येऊ."

ऑटो हिंगण्याकडं लागला. आभाळ खाली आलं होतं. पंचफुलाबाई मध्येच बाहेर वाकून ढग बघायची आणि म्हणायची, "तिकडं पडून राहिलं असन वं." कारखान्यांची लांब भिंत संपली तशी वस्ती लागली. गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा होता. पंचफुलाबाईनं तो पाहिला. ऑटोवाल्याला तिथंच थांबायला सांगून ती चालू लागली. तिची चाल जरा मंदावली, कामिनीनं ते बघितलं आणि ती पुढं झाली. 

दामिनी दारातच होती. महिन्याभरात गालांची हाडं वर आली होती. तिनं दोघींना आत घेतलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती. पंचफुलाबाईनं पेल्याकडं पाहिलं, मग तो उचलून पाणी पिऊन टाकलं. दामिनीनं चहा ठेवला. ती कामिनीशी बोलत होती, रस्त्याबद्दल, ढगांबद्दल, नवऱ्याची शिफ्ट बदलली त्याबद्दल. पोराकडं मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही. कपबशा मांडून झाल्या तरी ती त्या पुसत राहिली.

कामिनीनं घरून शब्द जुळवून आणले होते. तू टोपी हुंगायला दिली, पाठीवर हात फिरवला, म्हणून मी आज याला पाजते. आता त्यातला एकही आठवेना. "दामिनी, मी तुले..." एवढंच ती म्हणाली आणि पोराचं दुपटं सारखं करू लागली.

दामिनी खाली बसली. पहिल्यांदा तिनं पोराकडं पाहिलं आणि बघतच राहिली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "मी शेवटी शेवटी दूध काढून देत होती ना. घरी कोनाले सांगितलं नाही. सासू म्हनते, मेलेल्या पोरीचं दूध कायले काढत होती तू. मी म्हटलं, वाया थोडीच गेलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "यालेच पाजलं होतं ना ते?"

कामिनीनं तोंड उघडलं. नंदिनी सिस्टरचा शब्द न शब्द तिच्या कानात होता. खोटं बोलायचं तर या बाईशी कसं बोलायचं? आणि खरं बोलायचं तर ते कोणत्या तोंडानं? दामिनी तिच्या ओठांकडं बघत होती. चहा उतू जाऊन स्टोव्हवर चर्र वाजला, तरी दामिनी उठली नाही.

"यालेच पाजलं," पंचफुलाबाई म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं पाहिलं. म्हातारी सतरंजीवर ताठ बसली होती.

"तुयंच दूध होतं, माय. तुया दुधावर हा वाचला. म्हनून तं आलो आमी. नाई तं ऐन वेचनीच्या दिवसात कोन येते इकडं?"

दामिनीचा चेहरा हलला. तिनं दोन्ही हात पुढं केले. कामिनीनं पोर तिच्या हातांत दिलं. दामिनीनं त्याचं डोकं नाकाशी धरलं आणि ती रडली, पोटातून, मोठ्यानं. पोर दचकून रडायला लागलं. तशी ती त्याला हलवत, रडत रडतच म्हणू लागली, "मले वाटलंच होतं. मले वाटलंच होतं."

पंचफुलाबाईनं पिशवी ओढली. साडी काढली, खण, नारळ, गहू, आणि कुंकवाची डबी. बोट कुंकवात बुडवून ती दामिनीच्या कपाळाकडं गेली.

"आजी," दामिनी डोळे पुसत म्हणाली, "आमच्यात ओटी नाही भरत. कुंकू पन नका लावू."

म्हातारीचं बोट हवेतच राहिलं. सगळ्या आयुष्यात तिच्या नेमाला असा फाटा फुटला नव्हता. तिनं बोटाकडं पाहिलं, गव्हाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं.

"मंग कशी देऊ वं?"

"हातात द्या. तशीच."

पंचफुलाबाईनं बोट पदराला पुसलं आणि साडी तिच्या हातात दिली. "दरसाल दिवाळीले येईन दुसरी," ती म्हणाली. "हा मोठा झाला का हाच घेऊन येईन. तुया पाया पडन. दूधमाय हायेस तू त्याची, ते काई आता बदलत नाई. बारशाले येजो, नवऱ्याले घेऊन. जागा पाळन्याजवळ, समजलं?"

दामिनी मान हलवत राहिली. कामिनीला हसावं की रडावं कळेना. जिनं 'कोनाची हाय' म्हणून विचारलं होतं, तीच आज जन्माची गाठ मारून मोकळी झाली होती.

 ऑटो निघाला, चार थेंब टपावर वाजले. मग कामिनी म्हणाली, "आई, सिस्टरनं साफ सांगतलं होतं, दामिनीचं नोतं म्हणून."

"मले कुठं सांगतलं?" पंचफुलाबाई म्हणाली. "मी तं झाडाखाली बसली होती."

कामिनीनं सासूचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. खरबरीत, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला हात होता. इतके दिवस ज्या कृतज्ञतेला जागा सापडत नव्हती, ती सगळी त्या हातावर येऊन बसली. थोडा वेळ गेला आणि तिला पुन्हा धास्ती वाटली.

"पन उद्या दामिनीनं त्या सिस्टरले इचारलं तं?"

पंचफुलाबाईनं बाहेर डोकं काढून आभाळ बघितलं. तिकडं रानात तिसरी वेचणी अर्ध्यावर असणार, आणि सावनेरची गाडी सुटायला आली असणार. तिनं डोकं आत घेतलं आणि ऑटोवाल्याच्या खांद्याला बोट टोचलं.

"गाडी स्टँडवर नोको नेऊ गा. त्या मोठ्या दवाखान्यात घे. आमाले एका सिस्टरले काई सांगाचं राहिलं."